खासगी सावकारी : कायदा काय सांगतो, तक्रार कुठं करायची आणि ग्रामसभेच्या हातात काय आहे

पेरणीच्या तोंडावर बँकेचं कर्ज वेळेत मिळालं नाही की पाय गावातल्या सावकाराकडं वळतात. व्याज 'शेकडा पाच' असं तोंडी ठरतं. ऐकायला ते कमी वाटतं, पण हा दर महिन्याचा असतो. 50 हजारांवर शेकडा पाचनं महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला 30 हजार रुपये नुसतं व्याज झालं. वर्षाचा दर 60 टक्के.

कायद्यातला दर किती?

राज्यात 1946 चा जुना सावकारी कायदा जाऊन 2014 पासून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. सावकारीचा धंदा करायला परवाना लागतो. सरकारनं सप्टेंबर 2014 मध्ये ठरवलेले वर्षाचे दर असे :

- शेतकरी, तारण कर्ज : 9 टक्के
- शेतकरी, विनातारण : 12 टक्के
- बिगरशेतकरी, तारण : 15 टक्के
- बिगरशेतकरी, विनातारण : 18 टक्के

म्हणजे वरच्या उदाहरणात शेतकऱ्याला विनातारण 50 हजारांवर वर्षाला 6 हजार व्याज बसतं, 30 हजार नाही. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. दिलेल्या पैशाची पावती मागणं हा कर्जदाराचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही घेणं हा गुन्हा आहे.

परवाना नसताना सावकारी केली तर कलम 39 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिगरपरवाना सावकार वसुलीसाठी कोर्टात गेला तरी त्याच्या बाजूनं हुकूमनामा होऊ शकत नाही.

जमीन लिहून दिली असेल तर

खरा घात इथंच होतो. कर्ज दोन लाखांचं आणि कागद मात्र खरेदीखताचा. 'पैसे फेडले की जमीन उलटून देतो' हा शब्द फक्त तोंडी. पुढं पैसे तयार झाले तरी सावकार कागद उलटवत नाही आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलेलं असतं.

अशा प्रकरणासाठी कलम 18 आहे. तक्रारीच्या आधीच्या 15 वर्षांत सावकारी व्यवहारातून गेलेली जमीन, घर किंवा प्लॉट असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. दोन्ही बाजू ऐकून घेऊन ते खरेदीखत अवैध ठरवू शकतात आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतात. आदेश मान्य नसेल तर महिनाभरात विभागीय सहनिबंधकांकडं अपील करता येतं. म्हणून 15 वर्षांची मुदत लक्षात ठेवावी. 'आज बघू, उद्या बघू' करत मुदत निघून गेली तर ही वाट बंद होते.

अर्ज कसा करायचा?

तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. सोबत सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल, बँकेचं पासबुक, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, चिठ्ठ्या जोडाव्यात. जमीन खरेदीनंतरही आपणच कसत असू, किंवा कागदावरची किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी असेल, तर ते स्पष्ट लिहावं. व्यवहार विक्रीचा नसून कर्जाचा होता, हे अशाच गोष्टींतून दिसतं. मारहाण, धमकी असेल तर पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्यावी.

ग्रामसभा काय करू शकते?

व्याजदर ठरवणं किंवा परवाना देणं हे सर्वसाधारण ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. पण ग्रामसभा ठराव करू शकते. गावात बिगरपरवाना सावकारी चालते, चौकशी व्हावी, असा ठराव जिल्हा उपनिबंधकांकडं पाठवता येतो. कर्जदाराच्या तक्रारीशिवाय इतर मार्गानं माहिती मिळाली तरी ते चौकशी करू शकतात. एकटा कर्जदार सावकाराच्या विरोधात बोलायला घाबरतो, त्याचं नाव पुढं येतं. ठराव सगळ्या गावाच्या नावानं जातो, हा त्याचा मोठा फायदा. तालुक्यातल्या परवानाधारक सावकारांची यादी सहायक निबंधकांकडून मागवून पंचायतीच्या फलकावर लावणंही अवघड नाही.

आदिवासी भागात ग्रामसभेचं बळ जास्त आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींना दिला आहे. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीसह राज्यातल्या 13 जिल्ह्यांत हे क्षेत्र आहे.

फायनान्स कंपनी आणि लोन ॲप

रिझर्व्ह बँकेकडं नोंद असलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये स्पष्ट केलं. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे. एकूण खर्च आधी लेखी सांगितला पाहिजे. ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो उघडायची परवानगी मागता येत नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही.

तक्रार आधी कंपनीकडं लेखी करावी. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं जाता येतं. माहितीसाठी नंबर 14448. ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील किंवा फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करावा. धमकीचे मेसेज पुसू नयेत, तोच पुरावा असतो.