अजिंठ्याच्या भिंतीवरील द्यूत

राष्ट्राचा इतिहास लिहितांना त्याच्या लढाया व तह यांची नोंद आपण आवर्जून करितों. त्याचे लोक फावल्या वेळीं काय खेळत, हें मात्र सहसा नोंदीत नाहीं. वस्तुतः एखादा खेळ पिढ्या बदलल्या तरी टिकून राहिला, तर त्याच्या मुळाशीं मनुष्यस्वभावांतील एखादी खोल ओढ असलीच पाहिजे. इ. स. १९९९ मध्यें जपानांत निघालेला 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा व्हिडिओ गेम असाच टिकून राहिला आहे. ज्या घरांत तो शिरला, तेथील वडील मंडळींस तो निव्वळ मारामारीचा व आरडाओरड्याचा मामला वाटतो. त्याच्या लोकप्रियतेचें मर्म समजून घ्यावयाचें, तर आमच्या मतें सुमारें दीड हजार वर्षें मागें, अजिंठ्यास जाणें सोयीचें आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील या लेण्यांपैकीं दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत उजव्या भिंतीवर विधुरपंडित जातकाची कथा रंगविलेली आहे. वाकाटक नृपति हरिषेण याच्या सुमाराचें, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, हें काम होय. झोपाळ्यावर बसलेली नागकन्या इरंदती पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम वेधून घेते. परंतु आमचा विषय त्याच चित्रमालिकेंतील फांशांचा डाव हा आहे.

कथा अशी आहे. इंद्र, नागराज, गरुडराज आणि कुरुदेशाचा राजा हे चौघे एका उद्यानांत एकत्र येतात व आपणांमध्यें शीलानें श्रेष्ठ कोण, असा वाद घालूं लागतात. चार निरनिराळ्या लोकांचे हे अधिपति. त्यांतून नाग व गरुड तर जन्माचे वैरी! कुरुराजाचा अमात्य विधुर चौघांसही समान ठरवून हा तंटा मिटवितो. त्याची ही कीर्ति नागलोकीं पोंचते, राणी विमला त्याचें हृदय मागते, आणि तें आणणाऱ्यास इरंदती देण्याचें ठरतें. तिच्यावर लुब्ध झालेला पूर्णक नांवाचा यक्ष दिव्य अश्व व अमोल रत्न घेऊन कुरुराजाच्या सभेंत येतो आणि त्यास द्यूताचें आव्हान देतो. राजास आजवर एका रक्षक देवतेचें साह्य असे. यक्षाच्या उग्र दृष्टीपुढें ती पळून जाते. फांसे प्रतिकूल पडत आहेत हें ओळखून राजा ते दोनदां वरच्यावर झेलतो. तिसऱ्या खेपेस मात्र हरतो.

या कथेंत आम्हांस जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही, कीं ज्यांची गांठ एरव्हीं कधीं पडावयाची नाहीं, ते येथें एका पटाच्या दोन बाजूंस बसतात. यक्षाच्या अंगीं आकाशांतून उडण्याचें सामर्थ्य असेल, राजाजवळ सैन्य असेल. पण फांसा दोघांनाही एकच. रणांगणावर जें कधीं घडत नाहीं, तें पटावर घडतें.

हीच ओढ आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतही दिसते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दहिल्यापर्यंत दहा पानें, मिळून १२० पानें. मत्स्य, नरसिंह, परशुराम, राम आणि कृष्ण हे युगायुगांच्या अंतरानें झालेले अवतार येथें एकाच बैठकींत उतरतात. कांहीं रंगांत दहिला वरचढ, तर कांहींत एक्का! एवढेंच नव्हे, तर दिवसा डाव मांडल्यास प्रारंभाचा मान रामाच्या रंगास आणि रात्रीं कृष्णाच्या रंगास, अशी चाल आहे. भाविकास यांत अवमान वाटला नाहीं. उलट खेळतां खेळतां दशावतार मुलांच्या तोंडीं बसले.

आतां त्या जपानी खेळाकडे पहा. मासाहिरो साकुराई याच्या योजनेंतून निघालेल्या पहिल्या खेळांत बारा पात्रें होतीं. मिशाळ मारिओ, पिवळा पिकाचू, खड्गधारी लिंक, अंतराळांत संचार करणारी सामस, हीं सारीं निरनिराळ्या खेळांतून घेतलेलीं. इ. स. २०१८ च्या आवृत्तींत पुढें भर पडून त्यांची संख्या ऐंशींच्या वर गेली. पहिल्या खेळांतही चौघांपर्यंत जणांस एकदम खेळतां येई. अशा इतर खेळांत प्रतिस्पर्ध्याची शक्ति क्षीण करीत आणावी लागते. येथें मार खाणाऱ्याचा आंकडा वाढत जातो, व जितका आंकडा मोठा तितका तो दूर फेंकला जातो. रंगणाबाहेर गेला तरच बाद. म्हणून दुबळ्यासही शेवटच्या क्षणापर्यंत परत येण्याची आशा उरते. इ. स. २००१ ची 'मेली' नामक आवृत्ति खेळण्यासाठीं हौशी लोक अजूनही जुने, पाठीमागें फुगीर असलेले दूरदर्शनसंच जपून ठेवितात व एका जागीं जमतात. ओळखीचीं पात्रें, सर्वांस सारखा नियम आणि शेजारीं बसलेला सोबती, या तिन्हींच्या योगानेंच हा खेळ टिकला आहे.

मग आईबापांनीं भिऊं नये काय? त्याचें उत्तरही अजिंठ्याची कथाच देते. देह, राणी व श्वेतच्छत्र एवढें सोडून राजानें सर्वस्व पणास लाविलें होतें. यक्ष विधुर मागतो, तेव्हां 'हा माझी मालमत्ता नव्हे', असें राजा म्हणूं लागतो. विधुरासच विचारलें असतां तो मात्र सत्य सांगतो, कीं मी राजाचा दासच आहें. आणि मृत्यूच्या वाटेस लागतो. महाभारतांत द्रौपदीच्या प्रश्नास कुरुसभेनें सरळ उत्तर दिलें नाहीं. येथें पणास लागलेला मनुष्य स्वतःविरुद्ध उत्तर देतो. पुढें त्याच्या उपदेशानेंच यक्ष वळतो, नागराणी तृप्त होते व विधुर सुखरूप घरीं परततो. कथेनें दोष फांशास दिलेला नाहीं. पणास काय लाविलें, यावर तिची नजर आहे.

आजही धोका तेथेंच आहे. इ. स. २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच विवेकास धरून आहे. मुलगा पडद्यावर कोणाशीं लढतो याची चौकशी करण्यापेक्षां त्याच्या शेजारीं कोण बसलें आहे आणि डावावर काय लागलें आहे, एवढें आपण पाहावें. शेजारीं मित्र असेल आणि हरल्यावर पुन्हां डाव मांडण्यापलीकडे कांहीं गमवावयाचें नसेल, तर त्यास सुखानें खेळूं द्यावें. आणि जमल्यास चौथा गडी म्हणून आपणही बसावें.