वेजची निवड : छप्पन्न अंशांची की साठ?

गोल्फमध्ये ‘वेज’ म्हणजे आखूड दांड्याची, जड तळाची आणि अतिशय तिरप्या पात्याची काठी. वेज या इंग्रजी शब्दाचा अर्थ पाचर असा आहे, आणि या काठीचे कामही पाचरीसारखेच : चेंडूखाली शिरायचे व त्याला वर उचलायचे. ग्रीनपासून शंभर यार्डांच्या आत आल्यावर बहुतेक फटके याच काठ्यांनी मारले जातात. पात्याच्या तिरपेपणाला लॉफ्ट म्हणतात व तो अंशांत मोजतात. पिचिंग वेज साधारणतः ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ५८ ते ६४ अंशांची असते. अंश वाढले की चेंडू अधिक उंच जातो, कमी अंतर कापतो आणि पडल्यावर कमी घरंगळतो. फिल मिकल्सनसारखा खेळाडू ६४ अंशांच्या वेजने चेंडू जवळजवळ सरळ आकाशात उडवतो आणि तो ध्वजाशेजारी अलगद टेकतो, हे दूरचित्रवाणीवर पाहिल्यावर आपल्याही पिशवीत तशी काठी असावी, असे कोणालाही वाटेल. मात्र ती खरेदी करण्यापूर्वी ती कोठे, कोणत्या ऋतूत आणि महिन्यातून किती वेळा वापरली जाणार आहे, याचा विचार झालेला बरा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील खेळाडूंच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. या शहरांत शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे अठरा होलचे मैदान नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब जुना व नामांकित असला तरी मुख्यतः सभासदांसाठी आहे. त्यामुळे ठाण्याहून बेलापूर रस्त्याने, तर डोंबिवलीहून शीळफाटा व तळोजामार्गे खारघर गाठायचे आणि डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेल्या मैदानावर खेळायचे, हाच अनेकांचा मार्ग. नोकरी सांभाळून पहाटे निघणाऱ्या खेळाडूला खऱ्या गवतावर सराव करण्याची संधी मोजकीच मिळते. वेज निवडताना हीच गोष्ट सर्वाधिक विसरली जाते.

काठीचा इतिहास

आजच्या सँड वेजचे जनकत्व अमेरिकेच्या जीन साराझेन यांच्याकडे जाते. वाळूत रुतणाऱ्या काठीच्या तळाला त्यांनी मागील बाजूने धातूची जादा भर दिली. त्यामुळे पाते वाळूत खोल न घुसता तिच्यावरून सरकू लागले. १९३२ मध्ये याच काठीनिशी त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. लॉब वेज त्या मानाने अलीकडची. लघुखेळाचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांच्या सल्ल्यावरून टॉम काइट यांनी १९८० च्या सुमारास ६० अंशांची वेज पिशवीत घेतली आणि १९८१ मध्ये ते अमेरिकी व्यावसायिक दौऱ्यावर कमाईत अव्वल ठरले. तेव्हापासून ही काठी रूढ झाली. काइट रोज तासन्‌तास सराव करीत, हा तपशील मात्र जाहिरातींत सहसा येत नाही.

खरा प्रश्न बाउन्सचा

साराझेन यांनी जी भर घातली, तिलाच आज बाउन्स म्हणतात. काठी जमिनीवर सरळ टेकवली असता तळाची मागील कड पुढील कडेपेक्षा किती खाली आहे, हे दाखवणारा तो कोन होय. ४ ते ६ अंश हा कमी, ७ ते १० मध्यम आणि त्यापुढील अधिक बाउन्स मानला जातो. लॉफ्टचा आकडा काठीवर ठळक कोरलेला असतो; बाउन्सचा आकडा बारीक अक्षरांत असतो, काही काठ्यांवर तर नसतोच. अनेक जण लॉफ्ट पाहून काठी घेतात आणि फटका मात्र बाउन्समुळे बिघडतो.

कोकण किनारपट्टीच्या हवामानात हे विशेष जाणवते. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा फेअरवे भिजून मऊ होतो. कमी बाउन्सच्या काठीची पुढची कड अशा जमिनीत कुदळीसारखी रुतते. मातीचे ढेकूळ पुढे उडते आणि चेंडू दोन हातांवर राहतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत डोंगरपायथ्याची, मुरमावर मातीचा पातळ थर असलेली जमीन टणक होते. तेथे अधिक बाउन्सचा तळ जमिनीवर आपटून वर उसळतो, कड चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जातो.

पावसाळ्यातील आणखी एक गुंतागुंत आहे. गवतावर अधिक बाउन्स हवा असतो, परंतु पावसाने दबून घट्ट झालेल्या बंकरच्या वाळूत तोच बाउन्स काठीला वर उसळवतो. तेथे कमी बाउन्सची काठी अधिक नेटकी चालते. डिसेंबर-जानेवारीत वाळू कोरडी व भुसभुशीत झाली की हे गणित पुन्हा उलटते. म्हणूनच दोन वेज घ्यायच्या असतील तर दोहोंचे बाउन्स भिन्न ठेवणे शहाणपणाचे. ५४ अंशांची १२ बाउन्सची आणि ५८ अंशांची ८ बाउन्सची, ही जोडी वर्षभर निभावते.

गवताचाही विचार हवा. जगभर बर्म्युडा नावाने ओळखले जाणारे गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. तिचे संकरित वाण उष्ण प्रदेशांतील मैदानांवर लावले जातात. हरळीची पाती ताठ असतात. कडेच्या वाढलेल्या गवतात चेंडू कधी वरच तरंगत राहतो, तेव्हा ६० अंशांचे पाते त्याच्या खालून निघून जाते आणि चेंडू जागचा जेमतेम हलतो. गवताचा कल खेळाडूच्या दिशेने असेल तर पात्याची कड त्यात अडकते. अशा वेळी साधी ५२ अंशांची वेज घेऊन छोटा फटका मारणे अधिक खात्रीचे असते.

उंची किती हवी?

सपाट ग्रीनवर चिप मारताना ठोकताळा असा : पिचिंग वेजने चेंडू एक भाग हवेत आणि सुमारे दोन भाग जमिनीवर जातो, सँड वेजने दोन्ही अंतरे जवळपास सारखी होतात, तर लॉब वेजने हवेतील भाग मोठा होतो. ध्वज दूर असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर चेंडू लवकर खाली आणून घरंगळत नेण्यातच कमी जोखीम आहे. काठी जितकी तिरपी, तितका एकाच अंतरासाठी झोका मोठा घ्यावा लागतो, आणि झोका मोठा झाला की चूकही मोठी होते. लॉब वेजची खरी गरज पडते ती चेंडू व ध्वज यांच्यामध्ये बंकर असताना आणि ध्वज अलीकडच्या कडेला खोवलेला असताना. हौशी खेळाडूवर असा प्रसंग एका फेरीत एखाद-दोनदाच येतो.

त्या प्रसंगालाही ५६ अंशांची वेज पुरते. तिचे पाते उजवीकडे उघडले (डावखुऱ्याने डावीकडे), की लॉफ्ट वाढतो आणि त्याबरोबर प्रत्यक्ष बाउन्सही वाढतो. मऊ जमिनीवर हे लाभदायक, टणक जमिनीवर धोक्याचे. ५८ किंवा ६० अंशांच्या, कमी बाउन्सच्या वेजचा खरा फायदा मे महिन्यात दिसतो : पाते फारसे न उघडता उंची मिळते. पावसाळ्यात तो बराच घटतो. ओल्या गवतामुळे चेंडू पात्यावरून घसरतो, वर जातो पण फिरकी कमी घेतो. ग्रीन मऊ असल्याने कमी लॉफ्टचा चेंडूही तेथे थांबतोच.

दुसरा हिशेब अंशांतील अंतरांचा. नियमानुसार पिशवीत १४ पेक्षा अधिक काठ्या ठेवता येत नाहीत. अलीकडच्या आयर्न संचांतील पिचिंग वेज ४४ अंशांपर्यंत खाली आली आहे. पूर्वी ती ४८ ते ५० अंशांची असे. अशा संचाला थेट ५६ अंशांची वेज जोडली तर मध्ये १२ अंशांची दरी पडते, आणि नव्वद यार्डांच्या आसपासचा फटका अर्ध्या झोक्यावर सोपवावा लागतो. ४४, ५० आणि ५६ किंवा ४४, ४८, ५४ आणि ५८ ही मांडणी ती दरी भरते. म्हणून नवी वेज घेण्याआधी आपल्या पिचिंग वेजचा अंश पाहावा. तो काठीवर नसल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. वीसच्या आसपास हँडिकॅप असलेल्या आणि महिन्यातून दोनदाच मैदान गाठणाऱ्या खेळाडूने पहिली खरेदी गॅप वेजची करावी, दुसरी मध्यम किंवा अधिक बाउन्सच्या ५६ अंशांची. ६० अंशांची वेज तिसऱ्या क्रमांकावर येते.

चटईची दिशाभूल

शहरी खेळाडूचा बराचसा सराव कृत्रिम चटईवर होतो आणि काठीची पारखही तेथेच. चटई मात्र चूक झाकते. काठी चेंडूच्या दोन इंच मागे टेकली तरी चटईवरून सरकून चेंडूवर पोहोचते आणि फटका नीट लागल्यासारखा वाटतो. हाच फटका जुलैतल्या गवतावर रुतला असता. त्यामुळे चटईवर कोणतीही वेज उत्तम वाटते. शक्य असेल तर सोबत्याची वेज एका फेरीपुरती मागून घ्यावी आणि ग्रीनच्या कडेने, ओल्या व कोरड्या अशा दोन्ही जागी, तसेच बंकरमध्ये काही चेंडू मारून पाहावेत.

वापरलेली काठी स्वस्तात मिळते, पण वेजच्या बाबतीत तळ आणि पात्यावरील खाचा दोन्ही तपासाव्यात. खाचेच्या कडेवर नख अडत नसेल तर ती झिजली आहे आणि चेंडूला फिरकी कमी मिळेल. सँड वेजच्या खाचा वाळूमुळे सर्वांत आधी झिजतात. जुन्या काठीच्या तळाची कड कोणी घासून घेतली असेल, तर कोरलेला बाउन्सचा आकडाही खरा राहत नाही. सपाट फरशीवर काठी सरळ टेकवून पुढची कड किती वर राहते, हे बाजूने पाहिले की त्याचा अंदाज येतो.