नाच, नृत्य आणि डान्स हंगामा : शब्द बदलला की मानही बदलतो

दिवाळी झाली, भाऊबीज आली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. गावागावांत बॅनर लागतात. कुठं दंडार, कुठं खडी गंमत, कुठं नाटक. आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठ्या अक्षरात 'डान्स हंगामा'. मग एखाद्या ठिकाणी अश्लील प्रकार होतो, गुन्हा दाखल होतो, बातमी येते आणि लोक सरसकट म्हणतात, "मंडईतली नाचगाणी बंद करा." एका 'नाच' शब्दाच्या दाव्याला आपण सगळ्यांनाच बांधून टाकतो. म्हणून आज या शब्दाचाच इतिहास सांगतो.

संस्कृतात 'नृत्' हा धातू. त्यापासून 'नृत्य'. लोकांच्या तोंडी, प्राकृतात, त्याचं 'णच्च' झालं आणि मराठीत आलं 'नाच'. 'अद्य'चं 'अज्ज' आणि पुढं 'आज' झालं ना, तसंच. 'नट', 'नाटक' हेही याच कुळातले मानतात.

म्हणजे नृत्य आणि नाच एकाच घरचे. मान मात्र एक नाही. सभागृहात तिकीट लावून होतं ते 'नृत्य', चौकात होतो तो 'नाच'. 'नर्तक' म्हटलं की सत्कार, 'नाच्या' म्हटलं की शिवी. खडी गंमतीत लुगडं नेसून रात्रभर उभा राहणारा आपला कलावंत हीच शिवी अंगावर घेत आला.

मूळ शब्दात हा कमीपणा नाही. संत नामदेवांच्या अभंगांत कीर्तनात नाचणं ही भक्ती आहे. आजही वारकरी 'नृत्य करत' नाहीत, नाचतात!

10व्या शतकात धनंजयानं 'दशरूपक' लिहिलं. त्यात ताल-लयीवर चालतं ते 'नृत्त', भाव दाखवतं ते 'नृत्य' आणि रस निर्माण करतं ते 'नाट्य', असा भेद आहे. आता आपली दंडार बघा. टिपऱ्यांचा ताल आहे, हावभाव आहेत, परसंगी दंडारीत तर अख्खी कथा आहे. तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत!

इंग्रजांनी 'नाच'चं 'नॉच' केलं. 1890 च्या दशकात मद्रासेत नाचविरोधी चळवळ उभी राहिली, 1893 मध्ये व्हाइसरॉयकडे अर्ज गेला. पुढं 1930 च्या दशकात तिथल्याच 'सदिर'ला 'भरतनाट्यम' हे नाव रूढ झालं आणि त्याला मोठा मान मिळाला. पण पिढ्यान्‌पिढ्या तो जपणाऱ्या देवदासी घरांतल्या बहुतेक बाया मंचाबाहेरच राहिल्या. नाव मोठं झालं, माणसं मागं पडली.

आपल्या राज्यातही तेच. 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. साध्या बारमध्ये तोच नाच गुन्हा आणि महागड्या हॉटेलात चालतो? 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं ही बंदी रद्दच ठरवली. हा भेदभाव आणि बायांचा रोजगार, दोन्ही मुद्दे निकालात होते.

आणि 'हंगामा'? फारसीत त्याचा एक अर्थ जमाव, गर्दी. आपला 'हंगाम'ही त्याच घराण्यातला. गर्दी जमणं हा गुन्हा नाही.

माझं म्हणणं एवढंच. अश्लीलता झाली तर आयोजकावर नेमकी कारवाई व्हावी. पैसे त्यानं कमावले, मग बदनामी फक्त नाचणाऱ्या पोरीची का? आणि त्याच्या चुकीपायी दंडारीची, खडी गंमतीची परवानगी अडू नये. मंडळांनीही बॅनरवर कलाप्रकाराचं आणि शाहिराचं नाव ठळक लिहावं. नाव लिहिलं तर ओळख राहते.

साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, तुमसर, मोहाडी, भंडारा... तुमच्या गावच्या मंडईत अजून काय टिकून आहे आणि त्याला तिकडं काय म्हणतात? कमेंटमध्ये नक्की लिहा.