राजचिन्हं उतरवलेला सम्राट

सत्तेतल्या माणसाने "माझं चुकलं" असं जाहीरपणे म्हटल्याचं शेवटचं कधी ऐकलंत? आठवत नसेल, तर १६०० वर्षांपूर्वीची गोष्ट वाचा.

इ.स. ३९०. रोमन सम्राट थिओडोसियस. ग्रीसमधल्या थेसलोनिका शहरात बुथेरिक नावाच्या सेनाधिकाऱ्याने रथशर्यतीतल्या एका लाडक्या सारथ्याला तुरुंगात टाकलं. लोक खवळले, दंगल झाली, बुथेरिक मारला गेला. सम्राटाने रागाच्या भरात सूड उगवला. सैनिकांनी सरसकट कत्तल केली. नंतरच्या एका इतिहासकाराने मृतांचा आकडा ७००० दिलाय.

मिलानचे बिशप अँब्रोज यांनी आजारपणाचं कारण देत सम्राटाची भेट टाळली आणि खाजगी पत्र लिहिलं. आशय असा: तुम्हीही माणूसच आहात. दावीद राजानेही पाप कबूल केलं होतं. तुम्ही पश्चात्ताप करेपर्यंत तुमच्यासमोर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही.

सम्राटाने ऐकलं. राजचिन्हं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडला.

यामागे त्या काळच्या ख्रिस्ती शिकवणीतला एक विचार होता. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला, म्हणून मोलाचा. पण गर्वाने बिघडलेला. गुलाम असो की सम्राट, देवाच्या कृपेची गरज सगळ्यांना सारखीच. लॅटिनमध्ये नम्रतेच्या शब्दाचं मूळ 'माती'शी जोडलेलं, आणि जुन्या रोमला तो बहुतेकदा हलकेपणाचा वाटायचा. ख्रिस्ती लोक म्हणाले, देव स्वतःच माणूस होऊन खाली उतरला, मग खाली वाकण्यात लाज कसली? अँब्रोजकडूनच ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टिनने पुढे थिओडोसियसच्या या नम्रतेचं कौतुक लिहून ठेवलं.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखं होईल. दोनच वर्षं आधी, ३८८ मध्ये, युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकममध्ये (आजचं सीरियातलं रक्का) ख्रिस्ती जमावाने ज्यूंचं प्रार्थनास्थळ जाळलं होतं. तिथल्या बिशपने ते स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावं, असा न्याय्य हुकूम याच सम्राटाने काढला. अँब्रोज यांनी दबाव आणून तो मागे घ्यायला लावला!

सम्राटाचा गुन्हा दिसला, पण आपल्या माणसांचा दिसला नाही. गर्व कुणालाच सोडत नाही, ही शिकवण शिकवणाऱ्यालाही लागू होती.

विरोधी पक्षाच्या नेत्याने माफी मागावी, हे आपण रोज लिहितो. आपल्या बाजूच्या माणसाला तसं पत्र कोण लिहिणार?