आयल आणि आयलंड

आयल आणि आयलंड हे ‘बेट’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत. रूप व अर्थ यांतील साम्यामुळे आयल हे आयलंडचे संक्षिप्त रूप असावे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हे शब्द भिन्न मुळांपासून आलेले आहेत.

व्युत्पत्ती

आयलंड हा जर्मेनिक कुळातील शब्द होय. प्राचीन इंग्रजीतील ‘ईग’ म्हणजे बेट. त्याला भूमीवाचक ‘लंड’ जोडून हा शब्द सिद्ध झाला. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘एस’ या अक्षराविना लिहीत. आयल हा शब्द मात्र १३व्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘इन्सुला’ हे आहे. फ्रेंचमध्ये त्यातील ‘स’चा उच्चार लोपला होता आणि इंग्रजीतही तो बहुधा ‘एस’शिवाय लिहिला जाई. पुढे लॅटिनच्या प्रभावाने ते अक्षर लेखनात परत आले आणि १६व्या शतकात केवळ साम्याच्या भ्रमाने आयलंडमध्येही शिरले. या शब्दात त्याचा उच्चार कधीच होत नव्हता. शुद्धलेखनात विद्यार्थ्यांना आजही अडखळविणारे हे अक्षर मुळात एका चुकीचे अपत्य आहे. आसनांच्या रांगांमधील वाट या अर्थाच्या आणखी एका ‘आयल’ शब्दाचे मूळ तर ‘पंख’ या अर्थाच्या लॅटिन ‘आला’त आहे, त्यालाही हेच अक्षर अशाच गोंधळातून चिकटले.

इन्सुला या मुळाचे इतर वंशज म्हणजे द्वीपकल्पवाचक ‘पेनिन्सुला’ आणि स्वादुपिंडातील पेशींच्या बेटांवरून नाव पडलेले ‘इन्सुलिन’. हे आयलचे सगोत्र आहेत, आयलंडचे नव्हेत.

वापर

आयल म्हणजे लहान बेट, असे अनेकदा सांगितले जाते; परंतु ‘ब्रिटिश आयल्स’मध्ये ग्रेट ब्रिटनसारखे विस्तीर्ण बेटही मोडते, त्यामुळे हा निकष टिकत नाही. खरा भेद शैलीचा आहे. आयल हा मुख्यतः विशेषनामांत (आयल ऑफ मान, आयल ऑफ वाइट) व काव्यात येतो. सामान्य व्यवहारात आयलंडच वापरतात. रहिवाशाला ‘आयलंडर’ म्हणतात आणि रस्त्यावरील ‘ट्रॅफिक आयलंड’च्या जागी आयल चालत नाही. मराठीत रोजच्या बोलण्यात ‘बेट’ आणि द्वीपसमूह, लक्षद्वीप अशा शब्दांत ‘द्वीप’, ही विभागणी काहीशी अशीच आहे.

इंग्लंडमधील ‘आयल ऑफ शेपी’ या नावात दोन्ही परंपरा एकत्र आल्या आहेत. ‘शेपी’ म्हणजेच ‘मेंढ्यांचे बेट’, आणि त्यातील अखेरचा ‘ई’ हा जुन्या ‘ईग’चा अवशेष होय.