लुकलुकीचं कूळ

एलईडी दिव्याखाली पेन्सिल धरून झपझप हलवून पाहा. एखाद्या दिव्याखाली तिची सलग, पुसट पट्टी दिसते. दुसऱ्याखाली मात्र सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसतात. तो दुसरा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंदावतोय आणि उजळतोय. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकतात ते त्यामुळेच.

आपण दिव्याला नावं ठेवतो, पण लुकलुक मुळात विजेची आहे. घरात येते ती एसी वीज, दिशा पालटत वाहणारी. आपल्याकडे तिचे सेकंदाला ५० फेरे होतात आणि दर फेऱ्यात ती दोनदा शून्यावर येते.

हा ५० चा आकडा सहज ठरला नाही. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेली, ती ४० फेऱ्यांची. १८९५ मध्ये सुरू झालेल्या नायगाराच्या वीजकेंद्राने २५ फेरे पसंत केले. अवजड यंत्रांना ते मानवले, पण दिव्यांची थरथर डोळ्यांना खुपू लागली. पुढे युरोपात ५० आणि अमेरिकेत ६० रुळले, त्यात दिव्यांचाही वाटा होता.

पिवळ्या बल्बने ही थरथर पोटात घातली. चुलीवर फुंकणी थांबली तरी निखारा लाल राहतो, तशी बल्बमधली तापलेली तार वीज शून्यावर आली तरी उजळत राही. ट्यूबलाइटकडे असा निखारा नव्हता. चोकवर चालणाऱ्या ट्यूबखाली फिरतं लेथ थांबल्यासारखं दिसे आणि कामगाराचा हात जाण्याची भीती असे. म्हणून कारखान्यांत शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत. एक मंदावली की दुसरी उजळलेली असे.

एलईडी तर वीज थांबताच विझतो. म्हणून त्याच्या बुडाशी ड्रायव्हर बसवतात. तो आधी विजेला एकाच दिशेला वळवतो, मग कंडेन्सर मधल्या खळग्यांत साठवलेली वीज ओततो. नळ गेला की टाकीतलं पाणी येतं, तसं. स्वस्त दिव्यात नेमकी ही टाकी लहान असते किंवा नसतेच. चांगल्या दिव्यातही उष्णतेने कंडेन्सर वर्षागणिक सुकत जातो आणि एके दिवशी दिवा डोळ्यांदेखत फडफडू लागतो. बटण बंद असूनही दिवा अधूनमधून चमकतो, तेव्हा बटणातल्या लाल इंडिकेटरमधून झिरपणारी वीज याच टाकीत थेंबाथेंबाने साठत असते.

तारेने मुकाट केलेलं काम आज बोटाच्या पेराएवढ्या कंडेन्सरकडे आलं आहे आणि काटकसर होते ती तिथेच. न दिसणाऱ्या लुकलुकीनेही काहींचे डोळे शिणतात, डोकं दुखतं. म्हणून मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा घेताना दुकानातच पेटवायला लावा आणि खिशातली पेन्सिल त्याच्याखाली हलवून पाहा.