दौऱ्यावरचं रक्त

१९६२ चा वेस्ट इंडीज दौरा म्हटलं की लोकांना ग्रिफिथचा चेंडू आणि नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतात. मला एक वार्ताहर आठवतो.

त्रिनिदाद आणि जमैका, दोन्ही कसोट्या आपण हरलो होतो. मग बाडबिस्तरा उचलून हजारावर मैल पूर्वेला, बार्बाडोसला. तिथल्या संघाशी सामना, महिना मार्चचा. हेल्मेट तेव्हा नव्हतीच! चेंडू कर्णधाराच्या उजव्या कानाच्या वर बसला आणि कवटीला तडा गेला. तातडीने शस्त्रक्रिया करायची, तर रक्त हवं. आणि घरचं माणूस सातासमुद्रापलीकडे...

रक्त दिलं ते बोर्डे, नाडकर्णी आणि उम्रीगर यांनी, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलने आणि के. एन. प्रभू यांनी. प्रभू 'टाइम्स ऑफ इंडिया'चे, संघाबरोबर फिरणारे. वॉरेलचं कौतुक आजही होतं, बंगालमध्ये त्याच्या नावाने ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरतं. व्हायलाच हवं. पण प्रभूंचं काम खरं तर दुरून बघून लिहायचं. वार्ताहराने तटस्थ असावं म्हणतात (मलाही ते पटतं), पण परक्या बेटावर आपली माणसं होती तरी किती? त्यांनी बाही वर केली, बस्स.

कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. दौरा मात्र थांबला नाही. आठवड्याच्या आत त्याच गावात तिसरी कसोटी सुरू झाली, २१ वर्षांचा पतौडी कर्णधार. मालिका ५-० ने गेली.

तेव्हापासून दौऱ्याची बातमी वाचताना मी आधी वार्ताहराचं नाव बघतो.